जळगांव ते धुळें, जीपगाडीनें

आमच्या घरांत जीपगाडीवरून दोन तट आहेत. वडीलमंडळी तिला ‘म्हातारी’ म्हणतात आणि विकून टाका म्हणतात. आम्ही भावंडें तिला दारांतून हलूं देत नाहीं. महिंद्र कंपनीची ही पेट्रोलवरची जुनी गाडी. गेल्या उन्हाळ्यांत तिचें इंजिन पार थकलें, तेव्हां त्याच कंपनीच्या पुढील काळांतल्या जीपमधलें, मूळ प्यूजो बनावटीचें डिझेल इंजिन आम्हीं तिच्यांत बसवून घेतलें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें परवानगी काढून नोंदणी-पुस्तकांत नोंदही केली. सारें यथासांग झालें. पण दुसऱ्याच दिवशीं सकाळीं अंगणांतल्या ताज्या रांगोळीवर तेलाचें थारोळें! काकू एक शब्दही बोलल्या नाहींत. तेंच अधिक बोचलें.

मिस्त्रीनें इंजिनामागचें सील बदललें. महिन्याभरांत पुन्हां गळती, पुन्हां नवें सील. त्या एका वीतभर कड्यासाठीं दर वेळीं गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरी सीलच्या कितीतरी पट! अखेर दादांनीं निकाल दिला : धुळ्याची एक खेप करा, गाडी धड राहिली नाहीं तर गिऱ्हाईक बघूं. खेपेस निमित्तही होतें. आजोबांच्या पेटींतले मोडी कागदांचे दोन रुमाल राजवाडे संशोधन मंडळांत जाणत्यांस दाखवावयाचे होते.

निघण्यापूर्वीं इंजिन रॉकेलनें धुऊन त्यावर मुलांची पावडर भुरभुरविली. पावडर जेथें प्रथम भिजेल तेथून गळती. खालच्या थेंबावर भरंवसा ठेवूं नये; वाऱ्यानें तेल मागें पसरतें, म्हणून ओल्या जागांतली सर्वांत वरची शोधावी. वासानेंही कळतें : गिअरचें तेल जाड व गंधकासारखें उग्र, डिझेल इंजिनाचें काळेंभोर.

गिरणेचा पूल ओलांडून एरंडोलास आलों. दोहों बाजूंस कपाशीची काळी जमीन, ऊन लखलखीत. तेथून पद्मालयास वळल्यावांचून कोणास राहवतें? कमळांचें तळें, आणि एकाच गाभाऱ्यांत उजव्या व डाव्या सोंडेच्या दोन गणेशमूर्ति. वहिनींचा पाय तेथून निघेना. पण चढावर गाडीनें इंगा दाखविलाच होता. इंजिन गर्जत होतें, चाकें मात्र जागचीं हलत नव्हतीं, आणि जळक्या वासानें नाक भरलें. तेल क्लचवर उतरलें होतें. रुमालांची पेटी मांडीवर घेऊन वहिनी शांतपणें म्हणाल्या, “भावजी, गिऱ्हाईकास ही वाट दाखवूं नका.”

पारोळ्यास, खंदकाच्या भुईकोट किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री भेटला. त्यानें सीलकडे पाहिलेंही नाहीं. चालू इंजिनाच्या तेलाचें झांकण उघडलें, तों आंतून भसाभस वाफारा आला. वरच्या झांकणाच्या नळीवर बोट ठेवून तो हंसला, “दादा, याले सास लेवाले जागाच नही!” इंजिन बसवितांना त्या नळीस जोडावयास जागा नव्हती, म्हणून आमच्या मिस्त्रीनें तिच्यांत लांकडी खुंटी ठोकून दिली होती. सिलिंडरांतून खालीं निसटणारा वायु बाहेर जाईना, तो तेलास सीलांतून ढकलीत होता. कुकरची शिट्टी बुजली, तर वाफ रबरी कड्यांतूनच फुटणार! वहिनींनीं हें चटकन् ओळखलें; आम्ही मात्र सहा महिने सीलच बदलीत बसलों होतों.

खुंटी काढून त्यानें नळीस रबरी नळी जोडली व तिचें तोंड खालीं वळविलें. क्लच माखलेलाच होता, म्हणून पुढें सपाट रस्त्यावरून अगदीं सावकाश धुळ्यास पोंचलों. इतिहासाचार्य राजवाडे कागदांसाठीं गांवोगांव पायीं हिंडले. १९२६ च्या डिसेंबरांत ते धुळ्यांतच निवर्तले, आणि पुढच्याच वर्षीं हें मंडळ स्थापन झालें. तेथें आमचे रुमाल उलगडतांना आमच्या बोटांना डिझेलचा वास होता, याची आम्हांस लाज वाटली. पहिला रुमाल जमाखर्चाचा निघाला. दुसऱ्यांत आमच्या पणजोबांची सही सांपडली.

परतल्यावर नवें सील व क्लचप्लेट एकदांची बसविली. रात्रभर गाडीखालीं वर्तमानपत्र पसरलें होतें. सकाळीं त्यावर एकच, रुपयाएवढा डाग. दादांनीं कागद उचलून पाहिला आणि चहास गेले. काकूंनीं रांगोळी काढली, पण गाडीपासून चार हात सोडून.