चौथ्या अंकातील मौन

एखाद्या गोष्टीबद्दल आपले अभिनंदन व्हावे आणि त्या अभिनंदनातूनच ती गोष्ट हातची गेल्याचे कळावे, असा योग फारसा कोणाच्या वाट्याला येत नसावा. आमच्या वाट्याला तो २०२५ च्या मे महिन्यातील एका दुपारी आला. आमचा एक जुना विद्यार्थी, आमच्याच वर्गात बी.ए. झालेला, पुढे विद्यापीठात एम.ए. करून सेट उत्तीर्ण झालेला, दूरध्वनीवर मोठ्या आनंदाने म्हणाला, "सर, अभिनंदन! कायम झालात ना?" आम्ही गोंधळून विचारले, "तुला कोणी सांगितले?" तो म्हणाला, "सांगायला कशाला हवं? तुमच्या कॉलेजची जाहिरात पाहिली. मराठी, एक पद, तासिका तत्त्वावर. सरांची कायमची ऑर्डर निघाल्याशिवाय ती जागा रिकामी होईलच कशी?"

त्याच्या तर्कात खोट नव्हती. फक्त त्याचे गृहीतक चुकले होते.

वाचकांपैकी जे महाविद्यालयांत शिकवतात, त्यांना तासिका तत्त्व म्हणजे काय हे सांगायला नको. जे अजून या वाटेला लागलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कायम पद भरायचे तर बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, विद्यापीठाचे प्रतिनिधी असलेली निवड समिती लागते. हे सारे जुळून येईपर्यंत वर्गातली मुले थांबत नाहीत. म्हणून जागा रिकामी ठेवून तास तेवढे भरले जातात. जितके तास घेतले तितक्याच तासांचे मानधन. सुट्यांचे काही नाही. वर्ष संपले की नेमणूक संपली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. आमच्या बाबतीत हा सोहळा नऊ वर्षे चालू होता. ज्यांच्याबरोबर सकाळी चहा घेतला, तेच दुपारी टेबलापलीकडे बसून आमचे नाव व शिक्षण विचारीत आणि आम्हीही ते गांभीर्याने सांगत असू. जाहिरात तेव्हाही निघे. किंबहुना ती बाहेर जाण्यापूर्वी कार्यालयातले भाऊसाहेब तिचे शुद्धलेखन आमच्याकडूनच तपासून घेत.

या वेळच्या जाहिरातीचे शुद्धलेखन आम्ही तपासलेले नव्हते. विद्यार्थ्याने तिचे छायाचित्र पाठवले, त्यात 'तासिका'मधला 'सि' दीर्घ होता. ती शेजारच्या जिल्ह्यातल्या एका लहानशा दैनिकात आली होती. ते दैनिक आमच्या गावात येत नाही, आणि ते येत नाही हेच त्याच्या निवडीचे कारण असणार. विभागात माणसे दोनच: विभागप्रमुख आणि आम्ही. तेव्हा 'एक पद' म्हणजे कोणते, याविषयी संशयाला जागा नव्हती.

रहस्यकथेचे शेवटचे पान वाचून झाल्यावर आधीची पाने जशी वेगळी दिसू लागतात, तसे आमचे मागचे तीन महिने वेगळे दिसू लागले. मार्चमध्ये विभागप्रमुखांनी आमच्याकडे सर्व अभ्यासपत्रिकांची टिपणे मागितली होती. 'नॅकच्या फाइलला लागतील,' असे ते म्हणाले होते. नवे शैक्षणिक धोरण आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यामुळे अभ्यासक्रमाची फेरमांडणी चाललीच होती. आम्ही नऊ वर्षांची टिपणे नीट लावून, अनुक्रमणिका करून, पुठ्ठ्याच्या फाइलीत घालून दिली. पुढील वर्षाचे वेळापत्रकही आम्हीच आखले. शिपाई मामा या काळात आम्हाला सर्वांआधी चहा देऊ लागले होते. मॅडम डब्यातला पदार्थ आग्रहाने पुढे करीत होत्या. नऊ वर्षांनंतर का होईना, आपल्याविषयी थोडा आदर निर्माण झाला, अशी आम्ही स्वतःची समजूत करून घेतली होती.

सर्वांत अधिक बोचली ती एक व्याकरणाची गोष्ट. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' अशी दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर 'आपण', त्याला वगळून बोलायचे तर 'आम्ही'. हिंदीच्या 'हम'मध्ये ही सोय नाही. हा भेद आम्ही दरवर्षी प्रथम वर्षाला मोठ्या अभिमानाने शिकवतो. विभागप्रमुख मार्चमध्ये म्हणाले होते, "सर, टिपणे आपण एकत्र करून ठेवू." आणि त्याच बैठकीत, पुढच्या वर्षीच्या चर्चासत्राचा विषय निघाला तेव्हा म्हणाले होते, "ते आम्ही बघू." कामापुरते 'आपण', भविष्यापुरते 'आम्ही'. वाक्ये दोन्ही आमच्यासमोर उच्चारली गेली होती. मराठीचे अध्यापक असून आम्हाला ती ऐकू आली नाहीत.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मन नेहमीच्या वाटेने, म्हणजे शिकवलेल्या पाठांकडे वळले. 'शाकुंतला'चा चौथा अंक आम्ही अनेकदा शिकवला आहे. रसिकपरंपरेने तो श्रेष्ठ मानला, तो मुख्यतः कण्वाच्या निरोपासाठी. आमची टिपणेही त्या निरोपानेच भरलेली होती. पण अंकाची सुरुवात निराळी आहे. शकुंतला दुष्यंताच्या विचारात हरवलेली असते, दुर्वास येतो, दुर्लक्ष झाल्याने शाप देऊन निघून जातो. शाप ऐकतात त्या अनसूया आणि प्रियंवदा. प्रियंवदा धावत जाऊन ओळखीच्या खुणेचा उःशाप मिळवते. मग दोघी ठरवतात की ही गोष्ट आपल्या दोघींतच ठेवायची. सखी कोमल मनाची आहे, तिला हे सोसणार नाही. निरोपाच्या वेळी त्या एवढेच सांगतात, की राजाला ओळख पटायला उशीर झाला तर अंगठी दाखव. शकुंतला दचकते, तेव्हा तिची समजूत घालतात. शापाचा उच्चार नाही तो नाहीच.

आम्ही वर्गात याला 'नाट्यगत उपरोध' म्हणत आलो: प्रेक्षकांना ठाऊक, नायिकेला ठाऊक नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा पहिले चारच अंक सादर झाले होते. त्या रात्रीचे प्रेक्षक शाप पोटात घेऊन घरी गेले असतील, आणि शकुंतला मात्र काही न कळता सासरच्या वाटेला लागलेली! हा तपशील आम्ही नेहमी रंगवून सांगत असू. आपणही एका स्टाफरूममध्ये तीन महिने असेच पात्र झालो होतो, आणि समोर चहाचे कप घेऊन प्रेक्षक बसले होते, हे आता कळत होते.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात गेलो. भाऊसाहेबांनी मान वर केली नाही, नुसते म्हणाले, "सर, होळीपासून सांगीन सांगीन म्हणत होतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून जीभ रेटली नाही." त्यांच्यावर रागावणे शक्य नव्हते, त्यांनी केले ते अनसूयेचेच काम. विभागप्रमुख मात्र मोकळेपणाने बोलले. थकलेल्या मानधनासाठी जानेवारीत जो सामूहिक अर्ज गेला, त्यावर पहिली सही आमची होती. सचिवांच्या मनात ते राहिले होते. "पण सर, तुम्हाला काढले कुठे? तुमची मुदत संपली. अर्ज करायला तुम्हाला कोणी अडवले आहे?" ते म्हणाले. शब्दशः खरे होते. आम्ही विचारले, "मग मला सांगितले का नाहीत?" ते क्षणभर थांबून म्हणाले, "आधी कळले असते तर तुम्ही मन लावून शिकवले असते का?"

नोकरी जाण्याचे दुःख आम्ही नऊ उन्हाळे थोडेथोडे भोगलेलेच होते. हा प्रश्न मात्र नवा होता. शेवटचा तास आम्ही कसा घेतला असता, हे ठरवण्याची संधीच आम्हाला नाकारण्यात आली, आणि वर आम्ही तो वाईट घेतला असता असे गृहीतही धरण्यात आले. शकुंतलेला शाप ठाऊक असता तर तिने ती अंगठी नदीच्या पाण्यात ओंजळ भरताना तरी जपली असती. न सांगणाऱ्याला वाटते, आपण समोरच्याचे दुःख वाचवले. प्रत्यक्षात त्याने काढून घेतलेली असते ती समोरच्याची हालचाल करण्याची मुभा.

येथवर लिहून थांबता आले असते, तर लेख सोपा झाला असता. पण त्या विद्यार्थ्याच्या अभिनंदनाला आम्ही काय उत्तर दिले, हे सांगायचे राहिले आहे. आम्ही म्हणालो, "बघू. अजून हातात काही नाही." हेही शब्दशः खरे. त्याने विचारले, "मुलाखतीत काय विचारतील?" आम्ही त्याला तासभर तयारी सांगितली. घरी कोरडवाहू चार एकर, धाकट्या बहिणीचे शिक्षण, दोन वर्षे नुसती मुलाखतींची पायपीट. हे सारे आम्हाला ठाऊक होते. खरे सांगितले असते तर तो आला नसता. आमचा स्वतःचा अर्ज भरून तयार होता. पण त्या बाकावर त्याच्या शेजारी बसण्याचे धैर्य झाले नाही. अर्ज खणातच राहिला. याला आम्ही त्याग समजत होतो. मुलाखतीला आम्ही का दिसलो नाही, असे त्याने विचारले तेव्हा 'सुटीत गावी होतो' असे उत्तर दिले. ते मात्र शब्दशःही खरे नव्हते.

तो रुजू झाला. दुसऱ्या आठवड्यात विभागप्रमुखांनी त्याच्या हाती एक पुठ्ठ्याची फाइल दिली. अक्षर त्याने तत्काळ ओळखले; तीन वर्षे ते फळ्यावर पाहिले होते. रात्री त्याचा दूरध्वनी आला. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तुम्ही सांगायला हवं होतं."

आम्ही म्हणालो, "सांगितलं असतं तर तू आला नसतास."

तो म्हणाला, "ते मी ठरवलं असतं ना, सर."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. विभागप्रमुखांना जे आम्ही ऐकवायला हवे होते, ते आमच्याच विद्यार्थ्याने आम्हाला ऐकवले होते. त्यांनी भीतीपोटी लपवले, भाऊसाहेबांनी संकोचाने, आम्ही मायेने. पण ज्याच्यापासून लपवले त्याच्या बाजूने पाहिले तर या तिन्हींत फरक फार थोडा होता.

सध्या आम्ही दोन महाविद्यालयांत तास घेतो; सकाळी एक, दुपारी दुसरे, मध्ये एसटीचा पाऊण तास. त्या रात्री त्याने विचारले होते, "फाइल परत आणून देऊ का?" आम्ही म्हणालो, "राहू दे, तुला लागेल. पण चौथ्या अंकावरचे टिपण अपुरे आहे. त्यात नुसता कण्वच आहे, सख्यांविषयी काही नाही. ते तू नव्याने लिही." आणि मग, आम्हाला कोणी सांगितले नव्हते ते त्याला स्पष्ट सांगितले: नेमणुकीच्या पत्रावरची शेवटची तारीख वाचून ठेव, मानधन थकले तर सही कर, पण एकट्याची पहिली सही नको, सर्वांनी मिळून गोलाकार सह्या करा, आणि मार्चमध्ये कोणी सगळी टिपणे एकत्र मागितली, तर शेजारच्या जिल्ह्यातले वर्तमानपत्र मागवायला लाग.