सावध स्नेही

आमचे एक स्नेही आहेत. ते आमच्याच शाळेत गणित शिकवितात, आणि सावधपणा हा त्यांचा स्थायीभाव आहे. घरास कुलूप लावून ते कोपऱ्यापर्यंत येतात, परत जाऊन कुलूप ओढून पाहतात, आणि पुन्हा कोपऱ्यावर आले म्हणजे आपण कुलूप ओढले होते की नाही, अशी त्यांस शंका येते. "मनुष्य लुटला जातो तो स्वतःच्या गाफीलपणाने," हे त्यांचे वचन मुलांस पाढ्यांइतके पाठ आहे.

गेल्या नाताळापूर्वी शाळेतील नाटिकेसाठी मेंढपाळांचे झगे व ताऱ्याकरिता चमकी कागद आणावयास आम्ही उभयता मुंबईस गेलो. मुलांनी वर्गणी करून जमविलेले 1,800 रुपये स्नेह्यांपाशी होते. मुंबईस डिसेंबरातही कोट लागत नाही; परंतु आतला खिसा कोटासच असतो, म्हणून त्यांनी कोट घातला. नोटा आतल्या खिशात ठेवून वर टाचणी लाविली, आणि चोरास फसविण्यासाठी बाहेरच्या खिशात वर्तमानपत्राचे कपटे भरलेले एक फुगीर पाकीट ठेविले. एवढी तटबंदी तर किल्ल्यासही नसेल!

1869 साली बांधून झालेली क्रॉफर्ड मार्केटची ती जुनी इमारत आता महात्मा ज्योतिबा फुले मंडई या नावाने ओळखली जाते. नाताळच्या दिवसांत तिच्या आसपास पाय ठेवावयास जागा नसते. वाटेत एके ठिकाणी 'पाकीटमारांपासून सावध रहा' अशी पाटी दिसली. स्नेह्यांनी ती मोठ्याने वाचली व समाधानाने छातीवर हात ठेवून नोटा चाचपल्या. पाटी वाचून लोक जेथे हात नेतात, तेथेच धन असते, हे पाकीटमारांस ठाऊक असते. आमच्या गणितज्ञांस मात्र ते उदाहरण कोणी घातले नव्हते.

क्षणभराने एक सभ्य गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "साहेब, आपल्या कोटावर काहीतरी घाण उडाली आहे." खरोखरच पाठीवर चिखल होता. स्नेह्यांनी चष्मा काढून जवळच्या चहाच्या टपरीच्या फळीवर ठेविला. गृहस्थांनी आपला रुमाल भिजवून कोट पुढून मागून पुसला. स्नेह्यांनी त्यांचे दोनदा आभार मानले, आणि "जगात अजून माणुसकी आहे हो!" असे आम्हांस सांगितले.

पुढच्या दुकानी पैसे देण्याची वेळ आली. टाचणी होती, कपट्यांचे पाकीट होते. नोटा तेवढ्या नव्हत्या.

इतक्यात मागून "ओ काका! ओ काका!" अशी हाक आली. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा धावत येत होता. चष्म्यावाचून आमच्या स्नेह्यांस चोर व साव सारखेच दिसतात. त्यांनी त्याचे मनगट धरले व "चोर! चोर!" म्हणून ओरड केली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. पाहता पाहता गर्दी जमली, आणि कोणी तरी पहिली चपराक मारिली.

आम्ही दोन पावलांवर उभे होतो. तो गृहस्थ हा नव्हे, हे आम्हांस दिसत होते. आम्हांस तर चष्माही लागत नाही. परंतु गर्दीच्या भीतीने आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. लिंबे विकणारी एक म्हातारी मात्र मध्ये घुसली व म्हणाली, "मेल्यांनो, पोराच्या हातात काय आहे ते तरी बघा!" त्याच्या हातात आमच्या स्नेह्यांचा चष्मा होता. टपरीवरच्या त्या मुलाने तो देण्यासाठी धाव घेतली होती.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारले, "चोर कसा होता?"

"फार सुस्वभावी," स्नेही म्हणाले.

"मग तुम्ही काय केले?"

"आभार मानले."

हवालदारांनी लेखणी खाली ठेविली.

परतीच्या गाडीत आम्ही त्यांच्या सांत्वनार्थ म्हणालो की, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे, 5,000 रुपयांहून कमी किमतीची चोरी करून प्रथमच दोषी ठरलेल्याने ऐवज परत केल्यास त्यास समाजसेवेची शिक्षा होते. स्नेही बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "त्याने घेतले ते परत करता येईल. मी त्या पोराचे भर बाजारात घेतले, ते कोणत्या खिशातून परत करू?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटसरूचा दाखला आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितला आहे. बाजूने निघून जाणाऱ्या याजकावर व लेव्यावर आम्ही दर वेळी रागावलो आहोत. त्या दिवशी बाजूस उभे राहणारे आम्हीच होतो, आणि शोमरोन्याचे काम एका लिंबेवालीने केले.

पुढच्या शनिवारी स्नेही आम्हांस घेऊन त्या टपरीवर गेले, आणि ज्या आवाजात "चोर" म्हटले होते, त्याच आवाजात सर्वांदेखत त्यांनी त्या मुलाची क्षमा मागितली. मुलगा लाजून एवढेच म्हणाला, "काका, चहा घेणार ना?" आम्ही म्हातारीकडून दोन डझन लिंबे घेतली व मान खाली घालून तिचे आभार मानले.

नाटिकेतील मेंढपाळ चादरी पांघरून का आले, असे पालकांनी विचारले होते. त्याचे कारण हे. ते 1,800 रुपये स्नेह्यांनी पगाराच्या दिवशी मुलांच्या पेटीत भरले. कुलूप ते अजून दोनदा ओढून पाहतात. मात्र कोणी मागून हाक मारली, तर आधी चष्मा नाकावर नीट बसवितात आणि मगच वळतात. मुलांनो, एवढा सावधपणा तुम्हीही अवश्य बाळगावा.