टिकणारा बॉल

शनिवारी ऑफिसच्या टीमबरोबर पुण्यात बोलिंगला गेलो होतो. तिथले बॉल पॉलिएस्टरचे. कडक, गुळगुळीत, लेनवरचं तेल पीत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं टिकतात. पण जवळजवळ सरळच जातात! मुरलेले खेळाडू स्वतःचा रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा बॉल आणतात. तो सच्छिद्र, झकास वळतो. पण तेल पिऊन पिऊन लवकर पकड सोडतो.

मला आमच्या मुकुटबनचं क्रिकेट आठवलं. लेदरच्या बॉलची मुरमावर दोन दिवसांत सालटी निघतील, म्हणून वर्गणीतून दरवेळी कॉर्कचाच आणायचो. दगडासारखा... स्विंग जवळजवळ नाहीच. दादा वणीला सिलेक्शनला गेला, तेव्हा लेदरचा बॉल त्याच्या हातात पहिल्यांदाच आला. निवड झाली नाही.

वर्गणीचा खजिनदार मी होतो.