नळ किती दिवस बंद राहील?

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये पाणीपुरवठा करणारी संस्था नागरिकांना एक गोष्ट अगदी उघडपणे सांगते. मोठा भूकंप झाला तर तुमच्या घरचा नळ बंद पडेल आणि पहिले सात दिवस आम्ही तुमच्यापर्यंत पाणी पोचवू शकणार नाही. म्हणून माणशी रोज वीस लिटर या हिशेबाने सात दिवसांचे पाणी घरात साठवून ठेवा. चौघांच्या कुटुंबासाठी हे ५६० लिटर होते. आठव्या दिवसापासून वस्तीजवळच्या ठरलेल्या केंद्रावर पाणी मिळू लागेल, तेही माणशी वीस लिटरच, आणि ते आपणच भांडी नेऊन आणायचे. या सांगण्यामागे भूगोल आहे. शहराचे पाणी दूरच्या खोऱ्यांतून मोठ्या नळांनी येते आणि ते नळ वेलिंग्टनची भूभ्रंशरेषा ओलांडतात. १८५५ साली इथे प्रचंड भूकंप झाला होता. नोव्हेंबर २०१६मध्ये कायकोरा इथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा वेलिंग्टनमधल्या इमारतींनाही तडे गेले. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत ओढ्यांवर आणि बोअरवर आधारलेली वीसहून अधिक आपत्कालीन पाणीकेंद्रे उभी करण्यात आली. मला त्या केंद्रांपेक्षा आधीचे सांगणे जास्त महत्त्वाचे वाटते. आपण किती दिवस कमी पडणार हे संस्थेने आकड्यात सांगितले, म्हणून घराघरांत किती साठा लागेल हे ठरवता आले. सरकारचे काम कुठे संपते आणि घराचे कुठे सुरू होते, याची रेघ त्यामुळे आखली गेली. मी ज्या मुलखातून आलो त्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अशी रेघ कुठेही आखलेली नाही, आणि ती नसल्यामुळे दोन्ही बाजूंची तयारी अर्धवट राहते, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

या दोन तालुक्यांना आपत्ती नवी नाही. ३० जुलै २०१४च्या पहाटे आंबेगावातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याचे बाहेरच्या जगाला कळले ते सकाळी तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या, सर्वेक्षणे झाली, पुनर्वसन झाले. एप्रिल २०१७मध्ये नवे माळीण लोकांच्या ताब्यात आले आणि त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात तिथल्या जमिनीला भेगा पडल्या, रस्ते खचले. आपल्याकडे आपत्तीची तयारी म्हटली की एनडीआरएफ, जेसीबी, रुग्णवाहिका आणि शाळेतला निवारा डोळ्यांपुढे येतो. पाण्याची बाब ‘टँकरने पुरवठा’ या दोन शब्दांत संपते. पण टँकर जाणार कुठून? दरड रस्त्यावर आली असेल तर टँकर तिच्या अलीकडेच थांबतो. गावाची पाणीयोजना कशी असते हे एकदा नीट पाहिले म्हणजे प्रश्न स्पष्ट होतो. नदीकाठी किंवा धरणाच्या फुगवट्याशेजारी विहीर, तिच्यावर विजेची मोटार, तिथून चढावर टाकीपर्यंत गेलेली ऊर्ध्ववाहिनी आणि टाकीतून उताराने घरोघर पाणी. अतिवृष्टीत यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने बंद पडते. महावितरणची तार तुटते, काठावरचे पंपघर पुरात जाते, उतार सरकला की नळ तुटतो, विहिरीत गाळ शिरतो. धरणातून विसर्ग वाढवायचा असला की काठच्या शेतकऱ्यांना मोटारी काढून घेण्याची सूचना मिळते. गावाच्या योजनेचे पंपघर मात्र उचलून कुठे ठेवता येत नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही जुन्नरची चार आणि आंबेगावचे डिंभे, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे या दोन तालुक्यांत आहेत. त्यामुळे घोड, मीना आणि कुकडीच्या काठचे हे संकट काल्पनिक म्हणता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आपली आपत्ती पावसाची असते. सगळीकडे पाणीच पाणी असताना पाणी साठवून ठेवायचे कशाला? याला उत्तर कोल्हापूरने दिले आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगेच्या काठचे उपसा पंप बुडाले आणि वेढून बसलेल्या पुराच्या मधोमध शहराला पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. पुण्यातही १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटले, तेव्हा ज्या जलाशयाने शहर बुडवले त्याच्यावरच शहराचे पाणी अवलंबून होते. पूर नुसते पाणी आणत नाही. गोठे, शोषखड्डे, शेतातली औषधे असे सगळे तो विहिरीत आणून टाकतो. गढूळ पाण्यात टीसीएल पावडरीचा गुण उतरत नाही, कारण क्लोरिन त्या गाळातल्या घाणीवरच खर्च होतो. आणि यासाठी महापूरच यावा लागतो असेही नाही. ऑगस्ट २०१६मध्ये न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थ या छोट्या गावात मुसळधार पावसानंतर मेंढ्यांच्या विष्ठेने दूषित झालेले पाणी नळाच्या बोअरमध्ये उतरले. तिथल्या पाण्यात क्लोरिन घालत नसत. हजारो लोक आजारी पडले आणि काही वृद्ध दगावले. प्रगत म्हणवणाऱ्या देशात, कुठलीही दरड न कोसळता, हे घडले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे, जलसुरक्षक नमुने गोळा करतात, आरोग्य कर्मचारी नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनची ओटी तपासणी करतात. ही व्यवस्था चांगली आहे. पण ती नेहमीच्या दिवसांसाठी आहे. रस्ता बंद, वीज बंद आणि नमुना प्रयोगशाळेपर्यंत न्यायला वाहन नाही, अशा चार दिवसांत काय करायचे हे ती सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठोर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. माळीणमध्ये घरेच गेली. घरात पाण्याचे पिंप असते तर तेही गेले असते. हे खरे आहे. सरकणाऱ्या उताराखालच्या वस्तीला साठ्याचा उपयोग नाही, तिला तिथून हलवणे हाच उपाय आहे, आणि हलवण्याचे काम रेंगाळलेले असताना पिंपांची भाषा करणे म्हणजे त्या लोकांना फसवणे होईल. मात्र डोंगराखाली सापडलेल्या एका वस्तीभोवती वाचलेल्या दहा वस्त्या असतात. त्याच रस्त्यावर, त्याच तारेवर, पुष्कळदा त्याच ओढ्यावर त्या जगतात. बचावासाठी धावणारी पहिली माणसेही त्यांच्यातलीच असतात. शिवाय पाण्याची व्यवस्था पाहणारा माणूस इशाऱ्याच्या साखळीतही असायला हवा. उतार सुटायच्या आधी जमिनीतल्या पाण्याची वाट बदलते. कायमचा झरा एकाएकी गढूळ होतो, आटतो, किंवा जिथे कधी पाणी नव्हते तिथे उमाळा फुटतो. प्रत्येक दरड असा निरोप देतेच असे नाही, पण जी देते तिचा निरोप कोणाला दिसेल? जो रोज सकाळी विहिरीवर आणि टाकीवर जातो त्यालाच. गावात पाणी सोडणारा हा कर्मचारी तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि आपत्तीच्या आराखड्यात त्याचे नाव क्वचितच असते. त्याला झऱ्याची नोंद ठेवायला शिकवणे, झरा बिघडला तर कोणाला फोन करायचा हे सांगणे आणि त्याचा फोन गांभीर्याने घेतला जाईल अशी तजवीज करणे, एवढ्याला फार खर्च येत नाही.

या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातल्या लोकांचा प्रश्न याहून वेगळा आहे. आहुपे, पाटण खोरे, आंबे-हातवीज, घाटघर या भागात पावसाळ्यात डोळ्यापुढचे दिसणार नाही असा पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत हंड्यासाठी पायपीट करावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला ही तिथली वस्तुस्थिती आहे. ज्यांना रोजचे पाणी मिळत नाही त्यांना सात दिवसांचा साठा करा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे? मला या आक्षेपात सर्वांत जास्त तथ्य वाटते, आणि म्हणूनच मी वेलिंग्टनचा आकडा उचलून तिकडे नेत नाही. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरवले आहे. ते वर्षभर मिळणे हीच आपत्तीच्या तयारीची पहिली पायरी आहे. पण उन्हाळ्याची टंचाई आणि पावसाळ्यात पुरवठ्यात पडणारा खंड यांना उपाय एकच लागतो. नळयोजनेशिवाय चालणारा, वस्तीच्या जवळचा, विजेवर न विसंबणारा दुसरा स्रोत. संरक्षित केलेला झरा, कौलांवरचे पाणी धरणारी झाकणबंद टाकी, किंवा एकाच बोअरवर विजेची मोटार आणि हातपंप दोन्ही बसवणारी दुहेरी पंप योजना. या शेवटच्या योजनेत मोटार बंद पडली तरी हात चालतो. नळ आला म्हणून हातपंप काढून टाकणाऱ्या आणि जुन्या विहिरीत कचरा लोटणाऱ्या गावांनी आपला दुसरा आधार स्वतःच्या हाताने घालवला आहे. पाणी साठवायचे कसे हे तिथल्या बायकांना कोणी शिकवायची गरज नाही. हंडा, कळशी, रांजण, पिंप यांचा हिशेब त्या पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. तयारीच्या नावाखाली आणखी दहा हंड्यांचे ओझे त्यांच्याच डोक्यावर येणार असेल तर त्या योजनेला माझा विरोध आहे. टाकी वस्तीत हवी आणि ती भरण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची हवी.

एक व्यावहारिक अडचणही आहे. आशाताई आणि आरोग्यसेवक आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, भांडी रिकामी करून घासायला लावतात, कारण साचलेल्या उघड्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. मग साठा ठेवायचा की ओतायचा? दोन्ही. घट्ट झाकणाची दोन पिंपे असली तर कोरड्या दिवशी एक धुण्या-भांड्यांसाठी वापरून, घासून, पुन्हा भरायचे आणि दुसरे भरलेले राहू द्यायचे. पाणी निर्जंतुक करणाऱ्या मेडिक्लोरची बाटली जूनमध्येच घरात आलेली असावी. पिंप उंचावर आणि भिंतीला बांधलेले असावे. इतकी साधी गोष्ट लोकांना सांगताना आरोग्य विभाग, पाणीपुरवठा विभाग आणि तहसील कचेरी यांनी एकच सूचना द्यावी, तीन वेगवेगळ्या नव्हे.

‘ते श्रीमंत देश आहेत, त्यांना परवडते’ हा आक्षेप ऐकू येतो तेव्हा मला वेलिंग्टनची दुसरी बाजूही सांगावीशी वाटते. या शहराचे नळ जुने आहेत आणि अलीकडच्या वर्षांत पुरवलेल्या पाण्यापैकी फार मोठा वाटा, जवळजवळ दोनपंचमांश, गळतीत गेला. उन्हाळ्यात बागेला पाणी घालण्यावर निर्बंध येतात, त्यावर नागरिक चिडतात. तेव्हा इथले नळ आदर्श आहेत असे मी म्हणत नाही. घेण्यासारखी आहे ती शेजारधर्माची आखणी. आपत्तीत एकत्र यायची जागा प्रत्येक वस्तीत आधीच ठरलेली असते, बहुधा शाळा. तिथे एक पेटी असते आणि तिच्यात कोणी काय करायचे याच्या छापील सूचना. अधिकारी येण्याची वाट न पाहता शेजाऱ्यांनीच ती उघडायची असते. अशी आखणी जुन्नर-आंबेगावला परकी नाही. बिबट्या दिसला की तिथल्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणेवरून एका फोनवर शेकडो घरांत निरोप पोचतो, रात्री शेतात एकट्याने जायचे नाही, पोरांना अंगणात ठेवायचे नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. बिबट्यासाठी जी शिस्त त्या तालुक्यांनी गेल्या पंचवीस वर्षांत अंगी बाणवली, तिच्यावरून पाण्याचा निरोपही जाऊ शकतो. ‘आज नळाचे पाणी पिऊ नका, शाळेजवळचा हातपंप चालू आहे’ हे सांगायला नवी यंत्रणा लागत नाही. पैशाचे म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीचा ठरावीक हिस्सा पिण्याचे पाणी आणि जलसंधारण यांसाठी बांधून दिला होता. पाण्यासाठी पैसा आला नाही असे म्हणता येणार नाही. आराखड्यात या कामाची ओळ नव्हती, इतकेच.

परदेशात राहणाऱ्या आमच्यासारख्यांचाही यात वाटा आहे. नाणेघाटातून वर येणाऱ्या व्यापारी वाटेवरचे जुन्नर सातवाहनकाळी परक्यांनी गजबजलेले असे. तिथल्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या, म्हणजे कातळात कोरलेली पाण्याची टाकी, दान दिल्याचा शिलालेख आहे. दूरच्या मुलखातून आलेल्या माणसाने त्या डोंगरात पाण्याची सोय केली. आम्ही त्याच डोंगरातून निघून दूरच्या मुलखात आलो. माळीणनंतर परदेशातून मदत गेली, पुढेही जाईल, पण आमची मदत बहुतेक दरड कोसळल्यावर निघते, आणि एरवी देवळाच्या जीर्णोद्धाराला किंवा कमानीला जाते. त्यातला काही भाग वस्तीवरच्या झाकणबंद टाकीला, बंद पडलेल्या हातपंपाला, पंपघराच्या जनित्राला आधी का जाऊ नये? मात्र पैसे पाठवताना आम्ही गावाकडे एक हिशेब मागितला पाहिजे, आणि गावकऱ्यांनी तो १ मेच्या ग्रामसभेत, पावसाच्या महिनाभर आधी, मागितला पाहिजे. वीज गेली तर आपली टाकी किती दिवस पुरते? ऊर्ध्ववाहिनी तुटली तर जोडायला किती दिवस लागतात, आणि जोडणारा माणूस दरडीच्या कोणत्या बाजूला राहतो? रस्ता बंद असताना टँकर कुठपर्यंत येतो? या उत्तरांवरून कोणत्या वस्तीला तीन दिवसांचा साठा हवा आणि कोणत्या वस्तीला आठ दिवसांचा, हे ठरेल. पाण्याच्या टाकीवर योजनेचे नाव, वर्ष, क्षमता आणि खर्च रंगवलेला असतो. नळ किती दिवस बंद राहू शकतो आणि तेवढे दिवस पाणी कुठे मिळेल, या दोन ओळी त्याच्याच खाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, पावसाळ्यापूर्वी लिहून घ्याव्यात.