ग्रानादात बोट दाखवताना

ग्रानादाचा सान आगुस्तीन बाजार कॅथेड्रलच्या जवळच आहे. ऐन हिवाळ्यातल्या सकाळी तिथे शिरलो. पहिल्याच गाळ्यावर टोमॅटोंकडे बोट दाखवून म्हणालो, “एसोस.” गाळेवाल्याने ढिगावर हात ठेवून खात्री केली, “एस्तोस?” ढीग एकच, पण माझ्या तोंडी ‘एसोस’ आणि त्याच्या तोंडी ‘एस्तोस’. बोलणाऱ्याजवळचा तो ‘एस्ते’, ऐकणाऱ्याजवळचा ‘एसे’ आणि दोघांपासून लांबचा ‘आकेल’. आपलं ‘हा’ आणि ‘तो’वर भागतं. स्पॅनिशमध्ये मात्र समोरचा कुठे उभा आहे, हेही ध्यानात घ्यावं लागतं.

शेजारी संत्री होती. तिथे ‘एसोस’चं ‘एसास’ झालं, कारण संत्रं स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. पुढच्या टोपलीत सीताफळासारखं हिरवं फळ दिसलं. नावच माहीत नाही, तर लिंग कुठून कळणार? अशा वेळी नपुंसकलिंगी ‘एसो’ मदतीला येतो, आपण अनोळखी वस्तूबद्दल “ते काय?” विचारतो तसाच. “के एस एसो?” मी विचारलं. “चिरिमोया,” उत्तर आलं. ग्रानादाच्या किनारपट्टीवर पिकणारं, सीताफळाच्याच कुळातलं फळ! गाळेवाल्याने एक दाबून पाहिलं आणि “एस्ता” म्हणत माझ्या हातात ठेवलं. नाव कळताच फळ स्त्रीलिंगी झालं होतं.

दुपारी आल्बाइसिनच्या दगडी गल्ल्या चढून सान निकोलासच्या चौकात पोचलो. दारो नदीच्या खोऱ्यापलीकडे आल्हाम्ब्रा लालसर उन्हात उभा होता आणि त्याच्यामागे सिएरा नेवादाचा बर्फ. कठड्याशी बसलेल्या आजोबांनी मला शहर दाखवायला घेतलं. पायाखालची वस्ती ‘एस्ते’, समोरचा वेला बुरूज ‘एसा’, डोंगररांग ‘आकेया’. बुरूज काही माझ्या हाताशी नव्हता. पण मधल्या अंतरालाही ‘एसे’ चालतो, हे तिथे उमगलं. मग बोलणं इतिहासाकडे वळलं. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा नासरी सुलतान बोआब्दिलने शहर कॅथलिक राजाराणीच्या हवाली केलं. त्या काळाबद्दल बोलताना आजोबांनी डोंगरांचाच शब्द वापरला: ‘आकेल’. दूरच्या काळालाही तोच लागतो.

स्पेनला निघणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, फळांची नावं मागाहून शिका, हे तीन शब्द आधी. बोट दाखवण्याआधी समोरच्याच्या जागी क्षणभर उभं राहायचं, एवढं जमलं की ती भाषा बोलायला सुरुवात झालीच.