संधिमुक्त

बारडोली,
14 डिसेंबर

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाचा 15वा अध्याय सुरू झाला आणि पहिलीच शंका तू मामाला विचारलीस, फार बरं वाटलं. खांदा निखळला तर हाड मोडत नाही, मग सुश्रुताने 'संधिमुक्त' हा प्रकार 'भग्न' या मथळ्याखाली का घातला, असं तू विचारतेस. प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर मला ग्रंथापेक्षा इथल्या उसाच्या फडात जास्त कळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्द पाहू. 'मुच्' म्हणजे सोडणं, सुटणं. संधी सुटला तो संधिमुक्त. आपला 'सांधा' या 'संधि'चाच, आणि फाटलेलं 'सांधणं'ही त्याच घरातलं. सुश्रुत भग्नाचे दोनच मोठे वर्ग करतो: हाड मधेच मोडलं तर कांडभग्न, सांध्यातून सुटलं तर संधिमुक्त. कांडभग्नाचे 12 प्रकार, संधिमुक्ताचे 6. उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त आणि तिर्यक्क्षिप्त ही नावं परीक्षेसाठी घोकशीलच, पण प्रत्येक नावासरशी हाड कुठे गेलं ते हाताने दाखवून बघ. अवक्षिप्त म्हणजे खाली गेलं, अतिक्षिप्त म्हणजे दोन्ही हाडं एकमेकांपासून लांब गेली, तिर्यक्क्षिप्त म्हणजे एक तिरकं फेकलं गेलं. हाड गेलं कुठे हे नावातच सांगितलं आहे, आणि ते कळलं की परत कोणत्या दिशेने आणायचं तेही कळतं.

आमच्या ॲलोपथीच्या पुस्तकांत 'डिसलोकेशन' आणि 'लक्झेशन' असे दोन शब्द येतात. पहिल्याच्या पोटात लॅटिन 'लोकुस' आहे, म्हणजे जागा. दुसरा 'लक्सस'वरून आला, म्हणजे निखळलेला. बरेच व्युत्पत्तिकार त्याचं नातं ग्रीक 'लोक्सॉस'शी, म्हणजे 'तिरकस'शी जोडतात. तिर्यक्क्षिप्त आठवलं ना?

याहून मोठं नवल चिकित्सास्थानाच्या 3ऱ्या अध्यायात आहे. खांद्याचा सांधा सुटला तर काखेत मुसळ घालून ती वर उचलावी आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिक बंध बांधावा, असं सुश्रुत सांगतो. मुसळ! आजीच्या कांडणाचं. ग्रीकांच्या हिपोक्रेटिक संग्रहातल्या सांध्यांवरच्या ग्रंथातही हेच साधन आहे. तिथे मुसळाच्या टोकाला मऊ कापड गुंडाळून ते काखेत धरायला सांगितलं आहे. कोण कोणाकडून शिकलं या वादात मला रस नाही. निखळलेला खांदा कोणत्याही घरात निखळतो आणि त्या वेळी घरात मुसळ असतंच, एवढं मला पुरे वाटतं.

आता बारडोलीचं सांगतो. 1928च्या सत्याग्रहामुळे हे नाव तुला शाळेपासून ठाऊक आहे. आज इथलं जगणं साखर कारखान्याभोवती फिरतं. दिवाळीच्या सुमाराला धुळे-नंदुरबारकडून, डांगातून तोडणीची माणसं येतात आणि उन्हाळ्यापर्यंत पडावावर पालं ठोकून राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मजुरी एकट्या माणसाची धरत नाहीत, जोडीची धरतात. त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. बहुतेक करून नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळी बांधते, आणि मग मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने 1978मध्येच बारडोलीच्या कारखान्यांवर आणि या मजुरांवर सविस्तर लेख लिहिला होता. तो मिळवून वाच. शरीरशास्त्राच्या पुस्तकात जे येत नाही ते त्यात आहे.

पहाटेच्या दवाने पाचट निसरडं झालेलं असतं. मोळीसकट पाय घसरला की माणूस हात पुढे टाकतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. अशी बाई दवाखान्यात आली की दारातूनच ओळखू येते. दुखऱ्या हाताचं कोपर दुसऱ्या हाताने धरलेलं, मान त्याच बाजूला कललेली. खांद्याची गोलाई गेलेली, तिथे कोपरा निघालेला. काय झालं विचारलं तर सोबतचा मुकादम गुजरातीत म्हणतो, 'खभो ऊतरी गयो.' बाई म्हणते, हात उतरला. कोणी 'मुरगळला' म्हणतं, कोणी 'लचकला', गुजराती शेतकरी 'मचकोडाई गयो' म्हणतो. मुरगळलेल्या घोट्याला आणि निखळलेल्या खांद्याला एकच शब्द! शब्द एक झाला की इलाजही एकच होतो: तेल लावून चोळायचं, कोणाकडून तरी ओढून घ्यायचं आणि उद्या फडात जायचं. 'मोडलं' म्हटलं असतं तर मुकादमानेही सुट्टी दिली असती. 'उतरला' म्हटलं की तो नुसता चढवायचा राहतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. सुश्रुताने हा प्रकार भग्नात घातला, कारण त्याने त्याचं गांभीर्य मोडलेल्या हाडाच्या बरोबरीचं मानलं. लक्षणंही त्याने तशीच कडक दिली आहेत: पसरता येत नाही, आखडता येत नाही, वेदना उग्र, स्पर्श सोसत नाही. खांद्याच्या खालून दंडाकडे एक नस जाते. सांधा सुटताना ती ताणली गेली तर दंडाच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा येतो. म्हणून बसवण्याआधी तिथे बोट लावून विचारायचं, बसवल्यावर पुन्हा विचारायचं. हाडाचा टवका निघाला आहे का हे एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि टवका असताना ओढाताण केली तर नुकसान वाढतं. तरुण माणसाचा एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते. त्याला काही आठवडे झोळीत विश्रांती लागते. उचल फेडणाऱ्या कोयत्याकडे ते आठवडे नसतात, आणि एकाचा खांदा गेला की जोडीच तुटते. याचं मला फार वाईट वाटतं. औषध माझ्याकडे आहे, विश्रांती देणं माझ्या हातात नाही.

पडावावरच्या लहान मुलांची गोष्ट वेगळी. आई घाईत एका हाताला धरून पोराला उचलते आणि कोपरातलं हाड त्याच्या कडीतून जरासं सरकतं. पोर हात लुळा टाकून रडत बसतं. हे सुश्रुताच्या विश्लिष्टाच्या जवळचं. बहुतेक वेळा जाणत्या हाताने क्षणात बसतं आणि पोर थोड्याच वेळात खेळायला लागतं. पण ते बघून शेजारीण खांदाही तसाच बसवायला जाते, तिथे घात होतो.

तुझ्या ओपीडीतही खानदेशातले, विदर्भातले, कोकणातले रुग्ण येतील. हाताला काय झालं हे ते कोणत्या शब्दात सांगतात त्याची वही ठेव. आणि 'उतरला' किंवा 'सरकला' हे शब्द ऐकलेस की तेलाची बाटली बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढायला लाव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा