उतरलेलं आणि इकत घेतलेलं

मिलच्या ट्रकातला रेडिओ मेला, तिथून ही गोष्ट सुरू होते. तुम्ही म्हणाल, इथं केसी कोर्टात सडालेत आणि हा रेडिओचं रडगाणं गातोय. पण दोस्तहो, थोडं ऐका. ज्याच्या दिवसातले बारा तास दुसऱ्याने विकत घेतलेले असतात, त्याला कानात काय जातं याचं मोल कळतं.

मी लातूरच्या एका डाळ मिलमध्ये कामाला आहे. मिलचं नाव सांगत नाही, पोट तिथंच आहे. तूर आत येते. रोलवर तिचं टरफल ओरबाडतात, तेल-पाणी लावून वाळवतात, मग फोडतात. डाळ शेटची, चुनी जनावराची आणि धूळ आमच्या छातीची. शिक्षण दहावी नापास. बाकीचं शिकलो ते विहारातल्या कपाटातून आणि ट्रकाच्या केबिनमधून. कट्टे भरून झाले की मला ट्रकावर किन्नर म्हणून धाडतात. लातूर, औसा, लामजना, किल्लारी, उमरगा. तिथून हैदराबादचा मोठा रस्ता. हुमनाबादला रेडिओ कानडी बोलायला लागतो, जहिराबादला तेलुगू. शाळेनं शिकवला नाही तो भूगोल मला रेडिओनं शिकवला.

ड्रायव्हर चाचा उदगीरचे, साठीला टेकलेले. नमाजाची वेळ झाली की गाडी कडेला. मी तेवढ्यात टायर ठोकून बघतो. आमचं बरं चालतं.

रेडिओ कसा मेला ते सांगतो. फाळक्याची बिजागरी तुटली होती. वेल्डिंगवाला आला. गाडीला वेल्डिंग करताना आधी बॅटरीच्या वायरी काढायच्या असतात, नाहीतर करंट चेसिसमधून कुठं घुसंल त्याचा नेम नाही. पण माल निघायचा होता, मुनीमजी डोक्यावर उभे होते. कुणी वायरी काढल्या नाहीत. संध्याकाळी चाचांनी चावी फिरवली. इंजिन लागलं, रेडिओचा दिवा लागला नाही. कंपनीनं गाडीसोबत दिलेला रेडिओ, एका फाळक्यापायी गेला.

मुनीमजी म्हणाले, "रेडिओ म्हंजे चैन. त्याच्यावाचून डाळ पोचत न्हाई का?"

पोचते. आमच्यावाचून मात्र पोचत नाही. पण हे मी मनात म्हणालो.

आमच्या घरात रेडिओला चैन कुणी म्हणत नाही. मी किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण त्या पहाटेत मी वाढलो. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. वाड्यांच्या भिंती दगडमातीच्या, हात-दोन हात रुंद. वर मातीचं जड माळवद. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आसपासच्या गावांतली मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या वस्तीतलीही गेली. पण आमच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या, वर पत्रा. पडलं तरी माणूस खालून निघाला. म्हणून आजोबा वाचले, म्हणून बाप, म्हणून मी. गरिबीनं आयुष्यात एकदाच आमची बाजू घेतली. पुढं पुनर्वसनात घरं मिळाली तीही जमिनीच्या मापानं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनवाल्याला ७५०. भूकंपानं जे सपाट केलं होतं ते सरकारनं पुन्हा मोजून उभं केलं.

त्या कुडाखालून आजोबांनी दोन गोष्टी काढल्या. बापाला आणि ट्रान्झिस्टरला. सेलला दोरा बांधून तो चालू केला. आजोबा सांगतात, "गावाचं नाव मी रेडिओवर पयल्यांदा ऐकलं, तवा गाव न्हवतं." मग पत्र्याच्या शेडात तोच ट्रान्झिस्टर वाजत राहिला. २५ नोव्हेंबर १९९३ला नांदेडात गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. साडेतीन महिन्यांत गाव मेलेलं, एक माणूस जळालेला आणि एक नाव जिंकलेलं. शेडात बसून आजोबांनी हे सगळं एकाच डबड्यातून ऐकलं.

तर रेडिओ पाहिजे होता. मी आठ दिवस मुनीमजींच्या मागं लागलो. नवव्या दिवशी ते खुशीत होते.

"शेटच्या जुन्या कारमधला टेप गोदामात पडलाय. ने, बसव. फुकट. पर एक सांगतो, मिलच्या गाडीत तसली गाणी वाजवायची न्हाईत. गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं असतंय."

"तसली म्हंजे कसली, मुनीमजी?"

"तुला कळतंय की."

कळतंय. शाळेत "तुमच्यातला" म्हणतात ते कळतं, भाड्यानं खोली बघायला गेलं की "आडनाव काय" विचारतात ते कळतं, "तसली" पण कळतं.

खोटं बोलत नाही, मला मोह झाला. फुकटचा टेप, चांगल्या कंपनीचा. मनात म्हणलो, हायवेवर काय वाजतंय ते बघायला मुनीम येणार आहे का? रविवारी घरी गेलो, आजोबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "उतरलेलं हाय व्हय?"

"व्हय."

"मग नगं."

आजोबांचा बाप दारोदार फिरून शिळी भाकर आणायचा. आजीच्या सासूनं उतरलेल्या लुगड्यांशिवाय लुगडं पाहिलं नाही. मढ्यावरचं कापडसुद्धा आमचंच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेलं ढोर सोडा, शिळंपाकं सोडा, माणसासारखं जगा. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. ते शब्द आमच्या वस्तीत यायला वर्षं लागली. पण आले ते राहिले. आजोबांनी उतरलेला सदरा अंगाला लावला नाही. एका दिवाळीला मालकानं कोट दिला तो त्यांनी बांधावर ठेवला आणि उघड्या अंगानं घरी आले. थंडीचे दिवस होते.

मी वाद घातला. "आजोबा, मी सेकंडहॅण्ड आणला तर? तो बी कुणीतरी वापरलेलाच की."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागून आणलेलं नवं बी उतरलेलंच. इकत घेतलेलं जुनं बी आपलं."

सोमवारी चाचांना सांगितलं. चाचा म्हणाले, "आधे पैसे मेरे. गाने भी आधे मेरे."

लातुरात जुन्या पार्टांच्या दुकानात गेलो. ढीग लागलेला. एक टेप चकचकीत होता. चाचांनी उलटा करून बघितला आणि खाली ठेवला. मागच्या वायरी मुळाशी कापलेल्या होत्या. मालकानं विकायला काढला असता तर सॉकेट सोडवून काढला असता. वायरी कापतो तो घाईत असतो. "चोरी का है," चाचा म्हणाले. गरिबाच्या खिशाला चोरीचा माल लवकर दिसतो, पण घ्यायचा नाही म्हणून डोळा लागतो.

दुसरा घेतला. जुना, कॅसेट आणि एफएमवाला, सॉकेट शाबूत. दुकानदारानं बॅटरी लावून दोन्ही बाजूंनी आवाज ऐकवला. बटण फिरवताना खरखरत होतं. कॅसेटचा पट्टा ढिला, त्यामुळं गाणारा दारू पिल्यासारखा गात होता. पट्टा बदलून १४०० रुपये. बापाच्या कॅसेटी पेटीत होत्याच. प्रल्हाद शिंदे. भीमगीतही त्यांचं आणि कव्वालीही त्यांची. माझा आणि चाचांचा हिशोब एकाच गळ्यात मिटला.

बसवायला वायरिंगवाले मामा. त्यांनी टेप बघितला, गाडी बघितली आणि हसले. "ही गाडी २४ व्होल्टची. दोन बॅटऱ्या एकामागं एक. तुमचा टेप कारचा, १२ व्होल्ट. सरळ जोडला तर चहा पिऊस्तर धूर."

"मग एकाच बॅटरीवरून घ्या की," मी म्हणालो.

"लोक घेतेत तसंच. मग काय होतंय, ओझं एकीवरच पडतंय. ती उपाशी ऱ्हाती. दुसरीला जास्ती चार्ज होतंय, ती उकळून मरती. शेवटाला गाडीच बंद."

"मामा, तुम्ही तर आमच्या गावाचं सांगालाव."

मामांनी कन्व्हर्टर काढला, २४चे १२ करणारा डबा. ३५० रुपये. मग वायरी दाखवल्या. काळी अर्थची. लाल चावीवर, चावी फिरली की टेप चालू. आणि पिवळी.

"ही पिवळी सरळ लाइनवर. चावीचा हिच्याशी संबंध न्हाई. टेपची आठवण हिच्यावर. लोक आळस करतेत, लाल अन् पिवळी एकत्र बांधून चावीवर देतेत. वाजतंय झकास. पर चावी काढली की समदं इसरतंय. घड्याळ बाराला, स्टेशनं पुसली. रोज नव्यानं हुडका."

"पिवळी लाइनवर दिली तर नुकसान काय?"

"रात्रंदिस थोडा करंट खाती. आठवण ठिवायची म्हंजे थोडं खर्चावं लागतंय की."

मी ते वाक्य हातावर पेनानं लिहून घेतलं. कविता म्हणून नाही. विसरू नये म्हणून.

पंधरा दिवस मजेत गेले. मग एप्रिल आला. हैदराबादहून परत येत होतो. एका फाट्यावर चहाला थांबलो, गावाचं नाव लिहीत नाही. बापाची कॅसेट चालू होती. मोटरसायकलींवर पाच-सहा पोरं आली, माझ्याच वयाची. एकानं दारावर थाप मारली. "काय लावलंय बे? बंद कर. गाव कुणाचं हाय माहीत हाय का?"

चाचांनी हात पुढं केला आणि आवाज कमी केला. चहा अर्धा टाकून गाडी काढली.

मी पेटलो. म्हणालो, चाचा, तुम्ही घाबरला. चाचा पाच किलोमीटर बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंद किया क्या? कम किया. तेरे कू घर पहुंचाना है मेरे कू. और मेरी दाढ़ी देख. तू एक बात के लिए मार खाएगा, मैं दो के लिए."

दोस्तहो, मी कवितेत ज्वालामुखी लिहितो. त्या फाट्यावर माझ्या तोंडातून शब्द निघाला नव्हता. आवाज चाचांनी कमी केला, पण त्याआधी माझा गेला होता. २०१५ साली शिर्डीत एका आपल्या पोराला मोबाईलच्या रिंगटोनवरून मारून टाकलं. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. १ जून २०२३ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत एका पोराचा खून झाला. गावात जयंती काढल्याचा राग होता, असं त्याच्या घरचे सांगतात. हे मला पाठ आहे. फाट्यावर हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि गळा सुकला. भीती वाटली हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितो. आपल्या पानांवर घाबरलेला माणूस फार कमी येतो.

लातूरला आलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. मुनीमजी म्हणाले, "सांगितलं हुतं ना? काढ तो टेप."

या खेपेला शब्द निघाला. "टेप आमचा हाय, मुनीमजी. दोघांनी पैसे घातलेत. गाडी तुमची. काढायचा तर आम्ही काढू अन् घरी नेऊ. तुमचा मेलेला रेडिओ गोदामात जमा केलाय, नोंद हाय."

ते बघत राहिले. अजून काढा म्हणाले नाहीत, ठेवा पण म्हणाले नाहीत. माझी हजेरी मात्र दोनदा उशिरा लागली. बघू. शेटचा फुकटचा टेप घेतला असता तर त्या दिवशी मला बोलायला तोंड नव्हतं, एवढं मात्र कळलं. शेटनं तो दिला असता तर सोबत माझी जीभ पण ठेवून घेतली असती.

आता तुमचं आणि माझं. आपल्या वस्तीचं बघा. १४ एप्रिलला चावी फिरते. ६ डिसेंबरला फिरते. डीजे दणाणतो. पैसे कुणाचे? ज्याचा फोटो बॅनरवर मोठा, त्याचे. अट काय? ती तो सांगत नाही, निवडणुकीला कळते. त्यानं चावी काढली की आपलं घड्याळ बाराला. अभ्यासिकेला कुलूप, केसच्या तारखेला कोर्टात फिर्यादीसोबत कुणी नाही. शिर्डीच्या आणि बोंढारच्या पोरांची नावं मी इथं लिहिली नाहीत. तुम्हाला आठवतात का, ते स्वतःलाच विचारा. ३ ऑक्टोबर १९५४ला बाबासाहेब आकाशवाणीवर बोलले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपण फ्रेंचांकडून नाही, बुद्धाकडून घेतली, असं सांगितलं. आकाशवाणी सरकारची होती, मिळाली तेवढी वेळ त्यांनी आपली केली. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२०ला, 'मूकनायक' काढला होता. ती पिवळी लाइन होती.

लाल वायर आपल्याकडं भरपूर आहे. पिवळी नाही. ती महाग नाही, पण रोज थोडं खाते. महिन्याला दहा रुपये वर्गणी, आठवड्याला एक संध्याकाळ, कोर्टाची एक तारीख. कुणी बघत नसताना.

त्या फाट्यावरून परत येतानाचं एक सांगायचं राहिलं. रात्र होती. किल्लारीची पाटी दिसली. चाचांनी काही न बोलता बटण फिरवलं आणि आवाज पहिल्यासारखा केला. कॅसेट जिथं होती तिथूनच चालू होती. थांबली नव्हतीच.

जयभीम.